आपणहून वाटून घ्यायला तुम्ही कधी शिकलात?

'दे ना त्याला, शहाणा ना तू?' हे ऐकतच आपण मोठे झालो. पण कुणी न सांगता, मनापासून पहिल्यांदा कधी दिलंत? सुरुवात मी करते.

मुलगा तीन वर्षांचा होता. घरी दुसरं मूल आलं की मी त्याच्या हातातली गाडी काढून त्या मुलाला द्यायचे. लोक काय म्हणतील ही भीती, दुसरं काय! मग दारावरची बेल वाजली की तो खेळणी पलंगाखाली ढकलायला लागला. ते बघून मी चपापले. पुढे कुणी येणार असलं की आधी त्यालाच विचारायचे, "आज काय काय कपाटात ठेवायचं?" पहिल्यांदा त्याने जवळजवळ सगळंच ठेवलं. मी गप्प राहिले. चौथ्या-पाचव्या खेपेला आत फक्त लाल गाडी उरली, आणि खेळ रंगल्यावर तीही त्यानेच काढून आणली. काय फुलला होता चेहरा! कॅनडातल्या संशोधकांचा २०१२चा एक प्रयोग नंतर वाचनात आला. दोन वर्षांखालची मुलं खाऊ मिळाल्यापेक्षा तो बाहुलीला देताना जास्त खुश दिसली. स्वतःच्या वाट्यातला दिला तेव्हा तर आणखीच. मला तो लाल गाडीचा दिवस आठवला.

*

मी घरातलं शेंडेफळ, घ्यायचीच सवय. कॉलेजात नोट्स लपवून ठेवायचो. परीक्षेआधी वर्गातला एक जण आजारी पडला म्हणून त्याला शिकवायला बसलो, तर दोन प्रकरणं मला नुसती पाठ होती, समजली नव्हती! त्याच्या प्रश्नांनीच ती उलगडली. त्याचं "आता कळलं रे!" अजून कानात आहे.

*

आईसाठी दवाखान्यात रात्र काढत होते. शेजारच्या पेशंटच्या मुलीने न मागता आपली अर्धी चादर माझ्या पायांवर टाकली. नाव विचारायचं राहिलं.

*

वडिलांच्या सुतारकामाच्या हत्यारांना मी कुणाला हात लावू देत नसे. शेजारच्या मुलाला एकदा रंधा दिला, तो पातं बोथट होऊन परत आला. राग आलाच. पण मग त्यालाच बोलावून धार लावायला शिकवलं. आता तो दर रविवारी येतो. वडील गेल्यापासून घरात रंध्याचा आवाज नव्हता. परवा त्याने एका मित्राला सोबत आणलं आणि रंधा त्याच्या हातात देत म्हणाला, "सांभाळून हं, आजोबांचा आहे."