पाव, पाऊण आणि अपूर्णांक : दोन शंका

प्रश्न (डिचोली) :
चौथीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना ‘पाव म्हणजे काय?’ असे मी विचारले, तेव्हा एका मुलाने ‘सकाळी पोदेर (पाववाला) आणतो तो’ असे उत्तर दिले आणि सगळा वर्ग हसला. खाण्याचा पाव आणि पाव किलोतला पाव हा एकच शब्द आहे का, हे मलाही सांगता आले नाही. शिवाय ५/४ ला अपूर्णांक म्हणायला मुले तयार होत नाहीत. एकाहून जास्त असलेले ते अपूर्ण कसे, असे त्यांचे म्हणणे आहे.

उत्तर (फोंडा) :
दोन्ही शब्द वेगळे आहेत. खाण्याचा पाव पोर्तुगिजांकडून आला, तर मापातला पाव संस्कृत ‘पाद’ या शब्दापासून झाला. जनावराचे चार पाय, श्लोकाचे चार चरण, तसा पूर्णाचा चौथा भाग. पावाचे चार तुकडे करतात म्हणून त्याला पाव म्हणतात, ही व्युत्पत्ती कानाला गोड लागली तरी खरी नव्हे. त्याच ‘पादा’वरून सपाद म्हणजे सव्वा आणि पादोन, म्हणजे पादाने ऊन (कमी), ते पाऊण. म्हणूनच पावणेदोन म्हणजे पाव कमी दोन, अर्थात १ ३/४. तो ‘ऊन’ उलगडून सांगितला नाही, तर मुले हमखास २ १/४ लिहितात.

दुसऱ्या शंकेबाबत मुलांचे बरोबर नाही, ५/४ हाही अपूर्णांकच आहे. अपूर्णांक म्हणजे ‘पूर्णांक नसलेला’, ‘एकाहून लहान’ नव्हे. परंतु शब्द ऐकून तसेच वाटते. छेदाधिक (३/४) आणि अंशाधिक (५/४) हे शब्द पुढे येतातच, त्यापूर्वी सव्वा, दीड, अडीच यांना अपूर्णांक म्हणून दाखवावे.

प्रश्नकर्ती :
दीड आणि अडीच यांत दोन व तीन कुठे दिसत नाहीत, तेही मुलांना खटकते.

उत्तर (फोंडा) :
बाई, ते दडलेले आहेत. दीड हा ‘द्व्यर्ध’, म्हणजे पहिला पूर्ण आणि दुसरा अर्धा. अडीच हा ‘अर्धतृतीय’, म्हणजे तिसरा अर्धा. साडेतीनला जुना शब्द ‘औट’, तो ‘अर्धचतुर्थ’. औटकीचा पाढा आजोबांच्या पिढीला येत असे. साडेएक किंवा साडेदोन आपण म्हणत नाही, ते यामुळेच.

उत्तर (पेडणे) :
‘तीन छेद चार’ असे वाचल्याने मुलाला दोन सुट्या संख्या ऐकू येतात, हा माझा अनुभव आहे. इ.स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात खालच्या संख्येसाठी हर आणि छेद दोन्ही शब्द आहेत, हिंदीने हर ठेवला, मराठीने छेद, आणि छेद म्हणजे कापणे हे मुलाला सांगता येते. मी आधी भाकरीचे चार तुकडे करून ‘तीन चतुर्थांश’ म्हणवून घेतो, मग ‘पाऊण’, आणि छेदाची रेघ त्यानंतर फळ्यावर काढतो. पाव मात्र मीही वर्गात आणत नाही.