टूम रेडर १-२-३ पुन्हा खेळताय? मग मॉडर्न कंट्रोल्स बंद करा

फरशीमोज्या
टूम रेडर या व्हिडिओ गेमच्या पहिल्या तीन भागांचा रिमास्टर्ड (खेळ जुना, चित्र नवं) संच परवा संपवला. तिसऱ्या भागातलं लंडन बाकी आहे, पण ते तेव्हाही बाकीच राहिलं होतं, त्यामुळे संपवला म्हणायला हरकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९९६, ९७ आणि ९८ चे तीन मूळ खेळ, प्रत्येकाच्या मागून आलेल्या जादा लेव्हल्ससकट, अॅस्पायर कंपनीने १४ फेब्रुवारी २०२४ ला एकत्र काढले. (खेळाची नायिका लारा, तिचा वाढदिवसही १४ फेब्रुवारीच. हौशी मंडळी.) पीसीवर एफ-१ दाबलं की नवं चित्र जाऊन त्याच जागी जुनं येतं. समोरचा अस्वलाचा गोंडस त्रिकोणी ठोकळा बघून मी एकटाच हसत बसलो होतो.

पण माझं भांडण चित्राशी नाही, कंट्रोल्सशी आहे. संचात दोन पर्याय आहेत: जुनी 'टँक' कंट्रोल्स, म्हणजे डावी-उजवी बटणं लाराला जागच्या जागी वळवतात आणि वरचं बटण तिचं तोंड असेल तिकडे नेतं, आणि नवी 'मॉडर्न', म्हणजे कंट्रोलरवरची काठी (स्टिक) ढकलाल तिकडे ती पळते. लोक सर्रास मॉडर्न लावतात आणि मग म्हणतात, उड्या नीट बसत नाहीत, खेळ जुनाट आहे.

अहो, बसणार कशा? त्या खेळातली सगळी दुनिया एकाच मापाच्या चौकोनी फरशांवर उभी आहे. उभ्याने उडी मारली की एका फरशीची फट ओलांडते. धावत मारली की दोन. धावत मारून पलीकडची कड पकडली तर तीन. बस, एवढंच गणित. दरी आली की आधी फरशा मोजायच्या. मग कडेपर्यंत हळू चालत जायचं, कारण चालताना ती पडत नाही. तिथून एक टुणकन उडी मागे. आता धाव घ्यायची आणि उडीचं बटण आधीच दाबून ठेवायचं. कडेवर पाऊल पडताच ती आपोआप उडते. चुकलात तर खाली पडताना जी किंकाळी ऐकू येते ती आमच्या पिढीच्या कानात अजून आहे.

मॉडर्नमध्ये काठी मागे ओढली की ती मागे उडी मारत नाही, वळून कॅमेऱ्याकडे पळत सुटते. अंतर बांधून घ्यायची युक्तीच गेली. मॉडर्न कंट्रोल्सवर हा खेळ खेळणं म्हणजे दोन्ही पाय टेकवून लंगडी खेळणं.

रात्रपाळी
काका, लंगडीचं ठीक आहे, पण तुम्ही मर्यादेला कला म्हणताय. पहिला भाग आला तेव्हा प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला काठ्या नव्हत्याच, नुसती दिशाबटणं होती. त्यात जे बसलं ते त्यांनी बसवलं. काठ्या असत्या तर त्यांनीही वापरल्या असत्या.

मी २०१३ च्या टूम रेडरपासून सुरुवात केली. टँकवर पहिल्या गुहेत वीस मिनिटं भिंतीला डोकं आपटत होतो. मॉडर्न लावलं आणि लॉस्ट व्हॅलीपर्यंत पोचलो. टी-रेक्सने एका घासात गिळलं, पण निदान तिथवर पोचलो! तुमच्या नियमाने मी गुहेतच खेळ सोडला असता. ते चाललं असतं का?

फरशीमोज्या
काका म्हणू नकोस रे, चाळिशी आत्ताच लागलीये.

मर्यादेतून आलं हे शंभर टक्के मान्य. पण लेव्हल्स त्या मर्यादेच्या मापानेच बांधल्या ना. मूळ खेळ बनवणाऱ्या, डर्बीतल्या कोअर डिझाइनच्या त्या छोट्या टीमने आधी लारा किती लांब उडते ते ठरवलं की आधी दरी, ते त्यांनाच माहीत, पण आज दोन्ही एकमेकांना कुलूप-किल्लीसारखे बसतात. रिमास्टरमध्ये खाली जुनाच खेळ चालतो, वर नवा रंग चढवलाय. म्हणून तर एफ-१ ची जादू जमते. म्हणजे फरशा होत्या तिथेच आहेत, फक्त तुझ्या हातातली फूटपट्टी काढून घेतलीये.

२००७ ची अॅनिव्हर्सरी बघ. त्यात पहिल्याच भागाच्या जागा नव्या हालचालींसाठी मुळापासून परत बांधल्या. तिथे टँक मागणारा मी नाही.

सई_नाशिक
दोघंही कंट्रोल्सवर अडकलात. मला राग नव्या चित्राचा आहे. काही खोल्या इतक्या अंधाऱ्या केल्यात की भिंतीवरचा खटका दिसत नाही. मी चक्क एफ-१ दाबून १९९६ मध्ये जाते, खटका शोधते, परत २०२४ मध्ये येते. याला सुधारणा म्हणायचं? मूळ खेळात गरीब बिचारे मोजके पिक्सेल होते, म्हणून जे महत्त्वाचं ते उठून दिसायचं. आता भिंतीवर इतकं शेवाळ, इतक्या वेली, की सगळंच महत्त्वाचं वाटतं.

आणि फरशीमोज्या, "आमच्या पिढीच्या" म्हणताना जरा जपून. त्या पिढीत मीही होते. सायबर कॅफेत मी बसले की मागे चार मुलं उभी राहून "ताई, उडी, उडी!" ओरडायची. एकालाही ती तीन फरशांची उडी येत नव्हती.

फरशीमोज्या
अंधाराबद्दल तुमचं बरोबर आहे ताई. त्या चारांत मी नव्हतो एवढं नोंदवून ठेवतो.

चिंधीचोर
मूळ प्रश्न कुणी विचारतच नाहीये. तीस डॉलर कशासाठी? मूळ तिन्ही खेळ गॉग या ऑनलाइन दुकानात आधीपासून किरकोळ किमतीत मिळत होते. चाहत्यांनी ते नव्या मशीनवर फुकट नीट चालवून दाखवले होते. कंपनीने त्यावर रंग मारला आणि नॉस्टॅल्जियाचं बिल फाडलं. शिळ्या कढीला ऊत.

सई_नाशिक
चिंधीचोर, ज्या चाहत्यांचं कौतुक करताय त्यांच्यातल्याच एकाने हे काम केलंय. ओपनलारा नावाचं खुलं इंजिन लिहिणारा तिमूर गागियेव या रिमास्टरच्या तांत्रिक टीममध्ये होता. वर्षानुवर्षं फुकट राबलेल्या माणसाला त्याच कामाचे पैसे मिळाले, तर मला त्या बिलाचं वाईट वाटत नाही. अंधाराचं वाटतं.

चिंधीचोर
हे माहीत नव्हतं. तरी तीस डॉलर जास्तच.

कावेरीकाठ
तिसऱ्या भागाच्या भारतातल्या लेव्हल्सवर कुणी बोलत नाही, आश्चर्य आहे. खेळ सुरूच आपल्याकडच्या जंगलात होतो. वाघ, नाग, मेडिपॅक (औषधाची पेटी) पळवणारी माकडं, इंद्राची किल्ली. पुढे मंदिरात सहा हातांच्या शंकराच्या मूर्ती तलवारी घेऊन जिवंत होतात आणि आपण त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या. मग चारचाकी बाइकवरून गंगा, आणि शेवट 'कालियाच्या गुहे'त. कालिया यमुनेच्या डोहातला, यांनी त्याला गंगेनंतरच्या गुहेत नेऊन बसवला!

संच सुरू करताना एक पाटी येते की यात काही लोकांचं आणि संस्कृतींचं आक्षेपार्ह चित्रण आहे, तरी ते न काढता मूळ रूपात ठेवलंय. एवढी पाटी लावून हात झटकायचे? पंचवीस-सव्वीस वर्षांनी हात घातलाच होता, तर सुधारायचं होतं.

रात्रपाळी
यावर मी काकांच्या, सॉरी, फरशीमोज्यांच्या बाजूने: जुनं तसंच राहू द्या. सुधारणार काय काय? पहिल्या भागात ग्रीसमधल्या सेंट फ्रान्सिस फॉलीत चार दारं आहेत: नेपच्यून, अॅटलास, डॅमोक्लीज आणि थॉर. ग्रीसमध्ये थॉर! नेपच्यूनही रोमन. त्यांनी कुणालाच सोडलं नाहीये. सगळ्या जगाची एकच मिसळ.

कावेरीकाठ
ग्रीसमध्ये आज कुणी थॉरला हात जोडत नाही. शंकराला जोडतात. फरक तेवढाच आहे, पण आहे. मी बंदी मागत नाहीये. मी स्वतः त्या मूर्तीला हरवून पुढे गेलोय. पण पाटी वाचताना ती माझ्यासाठी आहे की वकिलासाठी, ते कळत नाही.

फरशीमोज्या
कावेरीकाठ, माझं मत पाटीच्या बाजूने आहे. १९९८ साली डर्बीत बसलेल्या पोरांना भारत कसा दिसत होता, ते मला जसंच्या तसं बघायचंय. पुसून टाकलं तर तेही गेलं. पण ती वकिलासाठी आहे हे तुमचं बरोबर वाटतं. चार ओळींत कालिया कुठला हे सांगितलं असतं तर जास्त बरं झालं असतं.

रात्रपाळी, माझ्यासाठी एक कर. आज फक्त सेंट फ्रान्सिस फॉली टँकवर खेळून बघ. ती अख्खी लेव्हल म्हणजे एक उभी विहीर आहे, चुकलं की थेट तळाला. बटण दाबायच्या आधी फरशा मोज.

रात्रपाळी
मोजल्या. तीन होत्या. चालत कडेला गेलो, एक उडी मागे, धाव, उडी, सगळं तुम्ही सांगितलं तसं. कड पकडायचं बटण दाबायला विसरलो.

मॉडर्नवर परत आलोय.