जर्मनीतला रविवार: शिस्त की सक्ती?

उनाडपक्षी:
जर्मनी फिरायला मस्त, पण रविवारी दुकानं बंद ठेवायचा हट्ट मला काही झेपला नाही. म्युनिकमध्ये तर शनिवारी रात्री 8 लाच सुपरमार्केटचं शटर खाली, आणि रविवारी दूध हवं असेल तर पेट्रोल पंप नाहीतर मेन स्टेशन गाठा, तिथे ही लांब रांग. आठवडाभर राबणाऱ्या माणसाने सामान आणायचं कधी?

निवांत_बसा:
शनिवारी आणायचं, तिथले सगळे तेच करतात. काउंटरवर उभ्या असलेल्या बाईलाही घरच्यांसोबत एक दिवस मिळायला नको का? आणि हा कुठल्या महापालिकेचा फतवा नाहीये, जर्मनीच्या 1919 च्या जुन्या, म्हणजे वायमार राज्यघटनेतलं कलम 139 आहे, 1949 च्या घटनेत तसंच्या तसं घेतलंय. बर्लिनने ख्रिसमसच्या आधीचे चारही रविवार दुकानं उघडायला मुभा दिली तर चर्चवाले कोर्टात गेले आणि 2009 मध्ये जिंकले.

तिखटजाळ:
म्हणजे चर्चसाठीच ना सगळं, कामगारांचं नाव कशाला पुढे करता? बेकरीवाली, वेटर, पंपावरचा पोरगा हे कामगार नाहीत का, ते रविवारी राबतातच की. कहर म्हणजे जर्मनीतल्याच हेसेन राज्यात माणूसच नसलेली ऑटोमॅटिक दुकानंसुद्धा रविवारी बंद ठेवायला लावली होती, शेवटी 2024 मध्ये कायदा बदलावा लागला. तिथे कुणाला विश्रांती देत होते, फ्रीजला?

निवांत_बसा:
हेसेनचं मान्य, तो अतिरेकच होता. पण कामगार संघटनाही रविवारच्याच बाजूने आहेत, एकटं चर्च नाही.

झोला_छाप:
मला तर रविवारची शांतता जाम आवडली. काचेच्या बाटल्या टाकायचे कंटेनर रस्त्यावर असतात, त्यावर वेळासुद्धा लिहिलेल्या. मी रविवारी पिशवी घेऊन गेलो तर एक आजी थांबल्या, काही बोलल्या नाहीत, नुसतं त्या पाटीकडे बोट दाखवलं आणि मी पुढची बाटली टाकतोय का हे बघत तिथेच उभ्या! ड्रिल नाही, गवत कापायचं मशीन नाही, खिडकी उघडी टाकून झोपा.

उनाडपक्षी:
अहो आवाजाचा नियम ठेवा की, त्याला कोण नाही म्हणतंय. दूध विकत घेतल्याने कुणाची झोप मोडते?

निवांत_बसा:
दुकान उघडलं की माल उतरवायला ट्रक आला. साडेसात टनांवरच्या ट्रकना रविवारी रात्री 10 पर्यंत रस्त्यावर बंदी आहे, ती पण उठवायची का मग?