फ्लशची टाकी कोणी न वापरता मधूनच भरते: सील बदलायचं की आख्खा सेट?

प्रश्न (दारातला_नळ):
कमोडच्या मागे जोडलेली सिरॅमिकची टाकी आहे, वर अर्ध्या आणि पूर्ण फ्लशची दोन बटणं. कोणीही फ्लश केलेला नसताना अर्ध्या-पाऊण तासाने टाकी दहा-पंधरा सेकंद भरल्याचा आवाज येतो आणि थांबतो. भांड्याच्या आत मागच्या बाजूने अगदी बारीक ओघळ दिसतो. फरशी कोरडी आहे. अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा छोटा नळ) बंद केला की आवाज येत नाही. प्लंबरचं म्हणणं आहे की आतलं सगळंच बदलावं लागेल. खरंच तशी गरज आहे का? आणि झाकण काढायचं कसं? बटण निघत नाहीये, जोर लावला तर झाकण फुटेल असं वाटतं.

उत्तर (पाणी_मोजणारा):
लक्षणांवरून दोष फ्लश वाल्व्हच्या (टाकीतलं पाणी भांड्यात सोडणारा उभा भाग) सीलकडे दिसतोय, टाकी भरणाऱ्या वाल्व्हकडे नाही. भरणारा वाल्व्ह नीट बंद होत नसेल तर सूं-सूं आवाज सतत येतो आणि पाणी ओव्हरफ्लोच्या (जास्तीचं पाणी भांड्यात सोडणाऱ्या) नळीत पडत राहतं. तुमच्याकडे आवाज थांबून थांबून येतोय, म्हणजे टाकीतलं पाणी हळूहळू खाली उतरतं, पातळी थोडी घसरली की फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) खाली येऊन भरणारा वाल्व्ह उघडतो, टाकी परत भरते. तरी काही बदलण्याआधी खात्री करा, त्याला एक पेन्सिल पुरते.

आधी झाकण. दोन बटणांच्या बहुतेक टाक्यांमध्ये बटण एका कड्यात बसवलेलं असतं आणि ते कडं झाकणाला धरून ठेवतं. एक बटण पूर्ण दाबून धरा, त्या फटीतून बोटाच्या टोकाने कडं घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. काही प्रकारांत दोन्ही बटणं एकत्र दाबून आख्खं बटणच फिरवावं लागतं. क्षार धरून घट्ट झालं असेल तर कडेला व्हिनेगरचा ओला कपडा तासभर ठेवा. झाकण वर ओढू नका आणि स्क्रू ड्रायव्हरने उचकटू तर अजिबात नका, झाकणाला तडा तिथेच जातो.

आता चाचणी. टाकी भरू द्या, अँगल कॉक बंद करा, आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला रेघ मारा आणि अर्धा तास फ्लश करू नका.

पातळी रेघेवरच राहिली तर सील चांगलं आहे, दोष भरणाऱ्या वाल्व्हचा. पातळी उतरली तर कॉक बंदच ठेवून ती कुठवर जाते ते बघा, बारीक गळतीत याला काही तास लागतात. उतरत उतरत टाकी जवळजवळ रिकामी झाली तर सील किंवा त्याची बैठक (सील टेकतं ती गोल कडा) गळतेय. आणि पातळी मध्येच एका ठिकाणी येऊन थांबली, तर त्या उंचीवर ओव्हरफ्लोच्या नळीला भेग आहे. हा तिसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही आणि सील उगाच बदललं जातं.

गळती किती आहे तेही याच चाचणीत कळतं. टाकीची आतली लांबी-रुंदी समजा 40 सेंमी × 15 सेंमी, म्हणजे 600 चौ. सेंमी. पातळी 1 सेंमी उतरली तर 600 मिली पाणी गेलं. अर्ध्या तासात 1 सेंमी म्हणजे दिवसाला जवळपास 29 लिटर. ओघळ दिसायला केसाएवढा असतो, म्हणून लोक महिनोन्महिने चालवून घेतात.

उत्तर (वायसर):
आख्खा सेट आधी बदलू नका, त्याचं कारण साधं आहे. मागे जोडलेल्या टाकीत फ्लश वाल्व्हचं बूड टाकीच्या तळातून खाली जातं आणि त्याचा मोठा नट बाहेरून असतो. तो काढायचा तर टाकीच भांड्यावरून उचलावी लागते, दोन्ही बोल्ट आणि मधलं जाड गॅस्केट नवं लागतं. सील मात्र वरूनच बदलता येतं, टाकीला हात लावावा लागत नाही.

अँगल कॉक बंद करून पूर्ण फ्लश करा. तळात उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. फ्लश वाल्व्हचा उभा भाग दोन्ही हातांनी धरून साधारण पाव फेरा घड्याळाच्या उलट फिरवा, खाच सुटली की सरळ वर येतो. काही मॉडेलला बाजूला दोन कुलपं असतात, ती दाबून उचलायचं. बुडाशी चपटी रबरी किंवा सिलिकॉनची चकती दिसेल, तेच सील.

ते बोटांवर घेऊन नीट बघा. बैठकीवर टेकणाऱ्या बाजूला खोल वर्तुळाकार चरा पडला असेल, कडा लाटांसारखी झाली असेल किंवा बोटाला काळं लागत असेल तर त्याचं आयुष्य संपलं. नुसता चिकट थर किंवा वाळूचा कण असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन परत बसवा. दुसरी बाजू सपाट आणि तशीच असेल तर सील उलटं करून बसवलं तरी काही दिवस काम चालतं, पण तो तात्पुरता उपाय.

मग टाकीत हात घालून बैठकीच्या गोल कडेवरून बोट फिरवा. हे कोणी करत नाही, आणि नवं सील घालूनही गळती राहिली की सीलला दोष देतात. कडेवर क्षाराचा खरखरीत पट्टा लागला तर सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात (1 लिटरला 2 मोठे चमचे) भिजवलेला कपडा अर्धा तास तिथे ठेवा आणि मऊ स्क्रबरने पुसा. सँडपेपर किंवा ब्लेड वापरू नका. प्लास्टिकवर उभा ओरखडा पडला की पाणी कायम तिथूनच वाट काढतं.

नवं सील घेताना जुनं सोबत न्या. बाहेरचा व्यास, आतल्या भोकाचा व्यास आणि जाडी तिन्ही जुळायला हवीत. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरकही चालत नाही. व्हॅसलीन किंवा तेल लावू नका, पेट्रोलियमने रबर फुगतं. लावायचंच असेल तर रबरी सीलला सिलिकॉन ग्रीस.

बैठकीला भेग असेल, ओव्हरफ्लोची नळी फुटली असेल, खाचेचे दात तुटले असतील किंवा त्या मापाचं सील मिळतच नसेल, तरच आख्खा फ्लश वाल्व्ह बदला. तेव्हाही भरणारा वाल्व्ह चांगला असेल तर तो तसाच ठेवा, दोन्ही वेगळे भाग आहेत. टाकी परत बसवताना बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. टाकी डुलायची थांबली की पुरे, पुढे आवळलं तर सिरॅमिक तडकतं.

उत्तर (क्षारयुक्त):
वरचं दोन्ही बरोबर. दोन गोष्टी जोडतो.

टाकीत टाकायच्या जंतुनाशक गोळ्या वापरत असाल तर बंद करा. क्लोरीनच्या गोळीने रबर कडक होतं, चिरतं, आणि नवं सीलही लवकर जातं. सुगंधी गोळी हवीच असेल तर भांड्याच्या कडेला अडकवायची घ्या.

दुसरं, टाकी उघडलीच आहे तर भरणारा वाल्व्हही साफ करून घ्या. अँगल कॉक बंद, वाल्व्हचं वरचं टोपण फिरवून काढा, आतलं पातळ रबरी डायफ्रॅम बाहेर काढून धुवा. त्याला बारीक छिद्र असतं, ते मोकळं हवं, पण मोकळं करताना सुई खुपसून मोठं करू नका. त्यानंतर उघड्या वाल्व्हवर प्लास्टिकचा मग उपडा धरून अँगल कॉक 5-10 सेकंद अर्धवट उघडा, पाइपातली वाळू उडून जाते. तो मग वर न धरता कॉक उघडलात तर पाणी थेट छताला लागेल. पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडापासून 2 ते 2.5 सेंमी खाली ठेवा.

कनेक्शन पाइप काढलात तर परत बसवताना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तो जोड आतल्या रबरी वायसरवर बसतो, आट्यांवर नाही. हाताने घट्ट करून पाव फेरा पुरतो. पान्याने जोर लावला की टाकीच्या बाजूचा प्लास्टिकचा आटा चिरतो.

दारातला_नळ:
सविस्तर लिहिल्याबद्दल तिघांचे आभार. रेघेच्या चाचणीत टाकी तळापर्यंत रिकामी झाली. सीलवर चरा होता, नवं बसवलं, बैठकही साफ केली. झाकण न लावता दोन तास ठेवलं तर पातळी रेघेवरून हलली नाही. झाकण आणि बटण बसवलं की मात्र ओघळ परत सुरू. काय राहिलं?

उत्तर (वायसर):
सील आता ठीक आहे. बटणाखालच्या दांड्या लांब झाल्यात. झाकण बसलं की दांडी वाल्व्हला किंचित दाबून धरते आणि सील बैठकीवर पूर्ण टेकत नाही. वाल्व्ह बसवताना उंची जराशी बदलली तरी असं होतं.

बटण परत काढा. दांड्यांना आटे असतात, फिरवून दोन्ही आखूड करा. बटण मोकळं असताना दांडीचं टोक आणि वाल्व्हचा दाबायचा भाग यांत 2-3 मिमी फट हवी. फट दिसत नाही, म्हणून बटण हलकेच बोटाने दाबा, पहिले 2-3 मिमी ते काहीही विरोध न होता खाली गेलं पाहिजे. फार आखूड केल्यास फ्लश अर्धवट होईल, तेव्हा एकेक फेरा कमी करत बघा. दांड्या आलटून-पालटून लावू नका, अर्ध्या आणि पूर्ण फ्लशच्या जागा ठरलेल्या असतात.

उत्तर (पाणी_मोजणारा):
आणि हे झालं की झाकण लावलेल्या अवस्थेतच चाचणी परत करा. आता रेघ दिसणार नाही, म्हणून टाकीत खायचा रंग 8-10 थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यातलं पाणी रंगलं नाही तर काम झालं. रंगलं, तर दांड्या अजून एक फेरा आखूड करा.