बंद घरांची वाडी: कॅमेरे लावायचे की माणसं?

कोकणातल्या बंद घरांच्या राखणीवर पाच जणांची चर्चा, टोपणनावांनी.

कौलारू
गणपतीत मुंबईकर मंडळाची बैठक बसली की हल्ली एक ठराव हमखास येतो: वर्गणी काढून वाडीला आठ कॅमेरे. माझा विरोध आहे, आणि तो हिशोबाचा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.265 वर (चित्रण दाबून लहान करायची पद्धत) सेकंदाला दोन मेगाबिटने चालला तर दिवसाला 21-22 जीबी भरतो. आठ कॅमेरे आणि एक टीबीची डिस्क म्हणजे जेमतेम साडेपाच दिवस. मग जुन्यावर नवं चढतं. जुलैत फोडलेलं घर चाकरमानी गणपतीला उघडणार. तोवर त्यात काय शिल्लक? हंडे, घंगाळ, समया, पंपाची मोटर गेलेली असते, आणि रेकॉर्डर माजघरात टीव्हीशेजारी ठेवला असेल तर तोही.

त्याच पैशात घरं नीट बंद करा. जुन्या दाराचा कोयंडा दोन-तीन आखूड स्क्रूंवर लटकलेला असतो. लाकूड वाळवीने पोखरलेलं. पहारीचा एक हिसका, की कोयंडा कुलपासकट हातात. कुलूप शाबूत, घर उघडं! आरपार बोल्ट टाका, नट आतल्या बाजूला. कुलूप पितळी अंगाचं, दांडी स्टेनलेसची. त्यातही 304 प्रतीच्या स्टेनलेसला समुद्राच्या वाऱ्यात तांबूस डाग पडतात, 316 तग धरतं. आणि कुलपात खोबरेल तेल ओतू नका. त्यावर धूळ-मीठ बसून चिकटा होतो आणि चावी आतच तुटते. ग्राफाइटची पूड पुरते.

खांबावरचा
हिशोब बरोबर, निष्कर्ष चुकीचा. आठ कॅमेरे चोवीस तास चालवायला सांगितलं कोणी? आपल्या बहुतेक वाड्यांना गाडीरस्ता एक आणि एखाद-दुसरी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट. दोन ठिकाणी दोन कॅमेरे लावा, हालचाल झाली तरच नोंद ठेवा, डिस्क चार टीबीची घ्या. महिने निघतात. मात्र लेन्स बघून घ्या. 2.8 मिलिमीटरची रुंद लेन्स सगळं दाखवते, ओळखू काहीच येत नाही. चेहरा पटायला मीटरमागे सुमारे 250 पिक्सेल लागतात; ते या लेन्सला चार मीटरच्या आतच मिळतात. 6 मिलिमीटरची लेन्स आठ मीटरपर्यंत काम देते. उंची नऊ-दहा फूट. त्याहून वर गेलात तर नुसत्या टोप्या दिसतील.

किनाऱ्यावर कॅमेरा मरतो तो आरजे-45 च्या, म्हणजे नेटवर्क केबलच्या प्लगच्या टोकाला. कॅमेऱ्यामागची वायरची शेपटी उघडी लोंबत ठेवतात आणि एका पावसाळ्यात पिना हिरव्या होतात. जोड आयपी66 (धूळ-पाणी रोखणाऱ्या) डबीत घ्या, केबल खालून आत न्या, आधी तिला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथेच गळेल. केबल शुद्ध तांब्याची. स्वस्तात मिळते ती वरून तांबं, आतून ॲल्युमिनियम. खारात ती टोकाशी भुगा होते. लांबी शंभर मीटरच्या आत.

दुसरा शत्रू वीज. मे आणि ऑक्टोबरात गडगडाट होतो तेव्हा आंब्यावरून ताणलेली केबल सगळा झटका घरात आणते आणि केबली जोडायच्या नेटवर्क स्विचचे सगळे पोर्ट एकदम जातात. दोन घरांमध्ये फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाका, त्यातून वीज येत नाही. अर्थिंग बघा: जांभ्यात एप्रिलपर्यंत खड्डा कोरडाठाक होतो, मग विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर असून नसल्यासारखा. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता.

मागीलदार
कॅमेरो चोराक बघता, धरणा नाय.

आणि कौलारू, नाव असं घेतलंत आणि कौलं विसरलात? तुम्ही पुढच्या दाराला 316 लावणार, तो मागच्या पडवीवर चढून पाच-सहा मंगलोरी कौलं सरकवणार. कौलांखालच्या रिपांमधून बारीक माणूस सहज उतरतो, नाहीतर एक रीप मोडतो. जाताना कौलं परत बसवली की बाहेरून कळतसुद्धा नाही. पडवीचं छप्पर खालून जाळीने बांधा: दोन इंची चौकोनाची वेल्डमेश, दहा गेज, गॅल्व्हनाइज्ड, वाशांना यू-खिळ्यांनी. खिळे वाशांत ठोका, रिपांत नको, रीप फाटते. परसातली शिडी आणि नारळ काढायचा आकडा मांगरात (परसातल्या खोपीत) कुलूपबंद ठेवा. चोराला हत्यारं आपणच पुरवतो.

दर्यावर्दी
जाळ्या-बोल्ट ठीक, पण माणसाला पर्याय नाही. रात्री बारा ते चार, चौघांची गस्त, शिट्टी, दोन बॅटऱ्या. वेळ रोज अर्धा-पाऊण तास मागेपुढे, नाहीतर चोर घड्याळ लावून येतो.

किनाऱ्याचं वेगळं. होडीचं इंजिन पाठीमागे नुसत्या क्लॅम्पवर ठेवू नका, फळीतून आरपार बोल्ट घ्या. इंधनाची टाकी आणि किल-स्विचची (इंजिन बंद पाडणाऱ्या बटणाची) क्लिप रोज घरी न्या. क्रमांकाची पट्टी उचकटून निघते, म्हणून झाकणाच्या आत आपली खूण पंचाने ठोका आणि तिचा फोटो ठेवा. अनोळखी होडी दिसली तर तिच्या जवळ जाऊ नका. सागरी पोलिसांना 1093, तटरक्षक दलाला 1554, एरवी 112.

पाटीलवाडा
गस्तीचं कौतुक जून-जुलैपुरतं. तेव्हा मासेमारी बंद, खलाशी घरी. ऑगस्टात होड्या सुटल्या की गस्तीला उरतात दोन म्हातारे. शिमग्यात पालखीबरोबर सगळी वाडी बाहेर; नेमकी त्याच रात्री राखण कोणाची, हे आधी ठरलेलं नसतं.

आणि काठ्या घेऊन फिरणाऱ्यांच्या फोनवर अफवा पोचली की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलंय. 1 जुलै 2018 ला धुळ्यातल्या राईनपाड्यात पाच जण मुलं पळवणारे समजून मारले गेले. 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचल्यात तिघे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 सांगतं की समोर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस धरू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचा. बांधून मारायचा नाही. फेरीवाला, नेपाळी खलाशी, रस्ता चुकलेला पर्यटक हे गुन्हेगार नव्हेत. गस्तीची नावं पोलीस पाटलामार्फत ठाण्यात द्या, काठी नको, शिट्टी पुरे.

कौलारू
पाटील, पटलं. खांबावरचे, तुमचे दोन कॅमेरेही मान्य, पण रात्री त्यांच्या दिव्यावर किडे, किड्यांवर पाली आणि कोळी. लेन्ससमोरचं जाळं पांढरं चमकतं, वारा आला की हालचालीची सूचना. चार रात्रींत लोक फोनचा आवाज बंद करतात आणि तुमची यंत्रणा तिथेच संपते.

खांबावरचा
खरंय, त्याला दोन उपाय. कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड दिवा बंद करून वेगळा दिवा तीन फूट लांब लावायचा, किडे तिकडे जातात. आणि पंधरवड्याला काठीला केरसुणी बांधून जाळं काढायचं. हे काम कोणाचं ते वर्गणीच्या ठरावातच लिहा, पगारासकट. ठरावात ते कधीच नसतं.

मागीलदार
ठरावात आणखी एक लिहा: पासवर्ड कोणाकडे? विहिरीकडे, न्हाणीकडे कॅमेरा वळलेला नाही हे कोण बघणार? भावकीत हद्दीचा दावा चालू असलेल्या वाडीत रेकॉर्डर एका घरी ठेवलात तर दुसरं घर पहिल्याच रात्री वायर कापतं, चोराची गरजच नाही. देवळाच्या खोलीत ठेवा, दोन घरांच्या दोन चाव्या. आणि चित्रण कोर्टात चालायला हवं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. मोबाइलवरून मोबाइलवर फिरवलेली क्लिप तिथे टिकत नाही. रेकॉर्डर कोणी हाताळायचा आणि सही कोण करणार, हे ठरल्यावरच माझी वर्गणी मागा.