लोकसंख्येने भागलं की दोन देशांची तुलना होते का?

मुठाकाठ:
निवडणूक आली की पुण्यात हमखास ऐकू येतं, "एस्टोनियात २००५पासून इंटरनेटवरून मतदान होतं, आपल्याकडे का नाही?" एस्टोनियाची लोकसंख्या साधारण १३ लाख. २०११च्या जनगणनेत एकट्या पुणे शहराची ३१ लाख, जिल्ह्याची ९४ लाख. ज्या ओळखपत्राने ते हे मत देतात, त्याच्या चिपमध्ये २०१७मध्ये सुरक्षेची त्रुटी निघाली, साडेसात लाखांहून जास्त कार्डं अडकली. कार्डांतली डिजिटल प्रमाणपत्रं स्थगित करून, नवी देऊन त्यांनी ते निस्तरलं. हेच प्रमाण भारताला लावा, ७०-८० कोटी कार्डं होतात. हजारी एक चूक धरली तरी तिथे १,३०० माणसं, इथे १४ लाख. १,३०० अर्ज एक कार्यालय हाताने तपासेल. १४ लाखांना अपिलाची स्वतंत्र यंत्रणा लागते, तीही अनेक भाषांत.

सदाशिव_३०:
साफ चूक. १४ लाख अर्ज एकाच टेबलावर येत नाहीत. तीन लाखांच्या तालुक्यात ३००च येतील, आणि तहसील कार्यालय तिथे आहेच. पल्स पोलिओच्या एका देशव्यापी फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना डोस दिले जात. जानेवारी २०११नंतर देशात मूळ (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा रुग्ण नाही, मार्च २०१४मध्ये प्रमाणपत्रही मिळालं. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७मध्ये केला, २००५मध्ये तशी हमी देशभराच्या कायद्यात आली. शिवाय सॉफ्टवेअर एकदाच लिहावं लागतं. तो खर्च १४० कोटींत वाटला की दरडोई नगण्य होतो. मोठी लोकसंख्या इथे फायद्याची आहे, तिची सबब सांगू नका.

छेद_आधी_तपासा:
दोघेही मोठ्या देशाबद्दलच बोलताय. लहान देशाचे आकडे त्याहून फसवे असतात. आइसलँडची वस्ती चार लाखांच्या आसपास. वर्षाला सरासरी ४ घटना होत असतील तर निव्वळ योगायोगाने २ इकडेतिकडे होतात, म्हणजे ५० टक्के. सरासरी ४०० असेल तर चढउतार २०चा, म्हणजे ५ टक्के. त्यामुळे "कायदा आला नि गुन्हे निम्मे झाले" हे एका वर्षावरून म्हणताच येत नाही. पाच-दहा वर्षं एकत्र करा, दराशेजारी मूळ संख्या लिहा.

आणि छेद, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागतो ती! मृत्यूची नोंद मृत्यू झाला तिथे होते. सातारा-सोलापूरचा रुग्ण पुण्यात दगावला की तो अंशात येतो, छेदात मात्र फक्त पुणेकर. तो छेदही २०११चा. त्यानंतर २०१७ला ११ आणि २०२१ला २३ गावं महापालिकेत आली. देशांच्या तुलनेत वयोरचनाही बघा. जपानचा ढोबळ मृत्युदर (वय न बघता दर हजारी मृत्यू) भारताहून बराच जास्त आहे, कारण तिथे वृद्ध जास्त आहेत.

मुठाकाठ:
छेदाचं पटलं. सदाशिव, पोलिओचा डोस सगळ्यांना सारखाच, चुकून दोनदा दिला तरी अपाय नाही. मत दोनदा पडलं तर निवडणूकच वादात जाते. आणि तुमच्या ३०० अर्जांवर निर्णय घ्यायचा अधिकार तालुक्याला आहे का? फिनलंड ५६ लाखांचा, नगरपालिका तीनशेच्या आसपास, आणि त्या स्वतःचा आयकर लावतात. पुण्याची जकात २०१३मध्ये गेली. आता जीएसटीपोटीच्या अनुदानासाठी राज्याकडे बघावं लागतं.

सदाशिव_३०:
म्हणजे अडचण अधिकारांची निघाली, डोक्यांची नव्हे! मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. मग फिनलंडशेजारी भारत ठेवूच नका. तिथल्या एका नगरपालिकेशेजारी बारामती नगरपरिषद ठेवा, आणि दोघींच्या उत्पन्नात स्वतःच्या कराचा वाटा किती, तो रकाना सगळ्यात आधी भरा.