२०० फ्लाय आणि ४०० आयएम: मुलगी तिसऱ्या पन्नासात बसते, सराव कसा आखायचा?

कारेलीबागची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही वडोदऱ्याचे. मुलगी १३ वर्षांची, ग्रुप दोन या वयोगटात पोहते. १०० मीटर फ्लाय (बटरफ्लाय) १:१८ मध्ये जाते, तेवढ्यावर सगळे खूश आहेत. पण २०० फ्लायला ३:०५ लागतात. मी स्टॉपवॉच घेऊन कठड्याशी उभी असते, त्यामुळे प्रत्येक पन्नासाची वेळ माझ्याकडे आहे: ३८, ४६, ५०, ५१. शेवटच्या दोन लांब्यांत हात पाण्याबाहेर येत नाहीत, नुसते ओढल्यासारखे येतात. बघवत नाही.

४०० आयएम (इंडिव्हिज्युअल मेडली: एकाच शर्यतीत बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल, प्रत्येकी शंभर मीटर) ६:१०. फ्लाय १:२६, बॅक १:३२, ब्रेस्ट १:४७, फ्री १:२५. सुट्या शंभरात तिच्या वेळा बॅक १:२१, ब्रेस्ट १:३३, फ्री १:१० अशा आहेत.

सर मनापासून शिकवतात, पण एका वेळी तीस-पस्तीस मुलं, त्यात कालपरवा तरंगायला लागलेलीही. फळ्यावर एकच सेट लिहितात आणि तो बहुधा फ्रीस्टाइलचाच असतो. मी विचारलं तर म्हणाले, "दोनशेचं तुम्ही लिहून आणा, मी करून घेतो." आता मी जीएसटीची रिटर्न्स भरणारी बाई, मी काय लिहून नेऊ?

सकाळी ५० मीटरच्या पूलमध्ये दीड तास मिळतो, आठवड्यातून सहा दिवस. संध्याकाळी वाटलं तर सोसायटीचा २५ मीटरचा आहे. घरातला एक पक्ष म्हणतो रोज २०० फ्लाय चार वेळा पोहायला लावा, आपोआप येईल. खरं आहे का हे?

---

लेन_सहा

ताई, आकडे लिहिलेत हे फार बरं केलंत. नाहीतर पालक "दमते हो" एवढंच सांगतात आणि आम्ही अंदाज बांधत बसतो.

घरातल्या त्या पक्षाला चहा द्या आणि पूलपासून लांब ठेवा. रोज चार वेळा २०० फ्लाय म्हणजे रोज चार वेळा तो ओढलेला हात पक्का करणं. दमलेला स्ट्रोकसुद्धा शरीर शिकतं, आणि फार लवकर शिकतं.

आधी ते ३८ बघा. शंभर १:१८ ला जाणाऱ्या मुलीचे शंभरातले पहिले पन्नासही ३६-३७ चेच असणार. म्हणजे दोनशेलाही ती जवळजवळ शंभराच्याच वेगानं सुटते, जणू विश्वामित्री नदीतली मगर मागे लागली आहे. तिनं ३९, ४४, ४६, ४७ अशी विभागणी केली तर २:५६ होतात. पुढे एक सेकंद सोडला आणि मागे दहा आले. पहिले पन्नास डाइव्हमुळे जलद जाणारच, त्याला हिशोबात धरू नका. दुसऱ्या आणि चौथ्या पन्नासात फरक किती पडतो तो बघा. आज पाच सेकंदांचा आहे, तो तीनवर आणायचा.

आता सेट. फ्लाय आठवड्यातून दोनच दिवस, लागोपाठ नाही. समजा मंगळवार आणि शुक्रवार. मंगळवारी शक्य असेल तर २५ च्या पूलमध्ये १६ × २५ फ्लाय (म्हणजे २५ मीटर सोळा वेळा), दर ४५ सेकंदांनी सुटायचं, प्रत्येक पंचवीस २२ सेकंदांत. १९ मध्ये आली तर शाबासकी देऊ नका, वेग पकडता आला नाही म्हणून परत पाठवा. शिवाय तुम्ही कठड्यावरून स्ट्रोक मोजायचे. ताजी असताना पंचवीसला १० स्ट्रोक लागत असतील तर ११ पर्यंत चालवून घ्या. लागोपाठ दोनदा १२ आले की फ्लाय बंद. मग ती नवव्या पंचवीसला असो की चौदाव्या, उरलेलं सगळं फ्री. हा नियम मोडायचा नाही, तिनं कितीही "एकच अजून" केलं तरी. दोन-तीन आठवड्यांत बारा येईपर्यंतचं अंतर वाढलेलं दिसेल. पन्नासच्या सेटकडे त्याच्यानंतर वळायचं.

शुक्रवारी लांब पूलमध्ये ८ × ५० दर दीड मिनिटानं. सुरुवातीला पहिले २५ फ्लाय, पुढचे २५ फ्री. मग हळूहळू त्यातले दोन, चार, सहा पूर्ण फ्लायचे, ४५ च्या आसपास. महिन्यातून दोनदा ब्रोकन २००: ४ × ५०, मध्ये कठड्यावर १५ सेकंद थांबायचं. एकूण वेळेतून ४५ सेकंद वजा केले की आज ती कुठे आहे ते कळतं. सलग २०० फ्लाय स्पर्धेतच पोहायचं. सरावात मी माझ्या मुलांकडून क्वचितच पोहून घेतो.

स्ट्रोक मोजायला तिलाही शिकवा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मायकल फेल्प्सच्या गॉगलमध्ये २०० फ्लायच्या शर्यतीत पाणी भरलं होतं, समोरचं काही दिसत नव्हतं. स्ट्रोक मोजत मोजत त्यानं भिंत गाठली आणि १:५२.०३ चा विश्वविक्रम केला. आपल्याकडचा साजन प्रकाश याच शर्यतीत २०२१ साली रोममध्ये १:५६.३८ पोहून ऑलिंपिकला थेट प्रवेश देणारा 'ए' निकष पार करणारा पहिला भारतीय जलतरणपटू ठरला. पोरीला दोन्ही शर्यती दाखवा. मागच्या शंभरात हात कसे येतात तेवढंच बघ म्हणावं.

आयएमचं दुपारी लिहितो, आता पूलवर निघालोय.

---

पाणी_तोडणारा

काका, आदर ठेवून सांगतो, हे फार नाजूक वाटतंय. आम्ही रोज आठ किलोमीटर मारायचो, त्यातही फ्लाय भरपूर. पोरं उगाच लाडावली आहेत. दम नसेल तर टेक्निक घेऊन काय करायचं?

---

लेन_सहा

दम हवाच, कोण नाही म्हणतंय? पण तो फ्री आणि बॅकमध्ये कमवा. हृदयाला काय, कुठला स्ट्रोक चाललाय ते समजत नाही, खांद्याला समजतं. तुमच्या त्या आठ किलोमीटरवाल्या बॅचमधले विशीनंतर किती जण पोहत राहिले तेही एकदा मोजा.

आता आयएम, ताई. तिच्या आकड्यांत फ्लायला सुट्या वेळेपेक्षा ८ सेकंद जास्त आहेत, बॅकला ११, ब्रेस्टला १४, फ्रीला १५. फ्लाय ती नीट सांभाळून पोहते आहे, तिथे काही बदलू नका. गडबड बॅक संपता संपता होते. बॅकला ती पाय जोरात मारत असणार (पायांचा फेस पार भिंतीजवळ टांगलेल्या झेंड्यांपर्यंत दिसतो का बघा), आणि ब्रेस्टला तर सगळा जोर पायांचाच लागतो. भिंतीला हात लावेपर्यंत मांड्या भरलेल्या. बॅकमध्ये पाय शरीर वर आणि सरळ ठेवण्यापुरतेच चालवायचे, पाणी हातांनी ओढायचं. तेरा वर्षांच्या मुलीला हे पटत नाही, कारण सुट्या शंभरात तिला नेमकं उलट शिकवलेलं असतं.

म्हणून चार स्ट्रोकचे चार वेगळे दिवस करून आयएम जमत नाही. जोड्या लावायच्या. बुधवारी ६ × १००: पहिले ५० बॅक, पुढचे ५० ब्रेस्ट, दर २:१५ नं. बॅक ४६, ब्रेस्ट ५३, म्हणजे सध्याच्या शर्यतीच्या वेगाला किंचित पुढे. ब्रेस्टच्या पहिल्या २५ चे स्ट्रोक आणि दुसऱ्या २५ चे स्ट्रोक वेगवेगळे लिहा. पहिल्या २५ मध्येच जास्त लागले तर बॅकमध्ये पाय उधळले असं समजा. मग ४ × १५०: ५० ब्रेस्ट जोर लावून, लगेच १०० फ्री, त्यातले शेवटचे ५० सगळ्यात जलद. फ्री १:१० ची मुलगी १:२५ ला येते म्हणजे तिच्याकडे फ्री आहे, फक्त तिथवर पोचेपर्यंत काही शिल्लक राहत नाही. फ्लाय-बॅकची जोडी आठवड्याआड केली तरी पुरे.

सोमवारी आणि गुरुवारी नुसतं फ्री-बॅक, लांब, न बोलता. आठवड्यातले निम्म्याहून जास्त मीटर इथे जावेत. फळ्यावरचा फ्रीचा सेट वाया नाही जात, सरांना तसं सांगा, बरं वाटेल त्यांना. शनिवारी ब्रोकन, किंवा सगळ्यांबरोबर रिले, जे मजा देईल ते.

मे महिन्यात इंटरव्हल (दर किती वेळानं सुटायचं ते) पाच-दहा सेकंदांनी वाढवा. स्पर्धेचं पाणी २५ ते २८ अंशांचं असावं असा नियम आहे, आपल्याकडे उघड्या पूलचं पाणी तेव्हा त्याच्या वर जातं. कठड्यावर पाण्याची बाटली हवीच, पोहताना घाम येत नाही असं मुलांना उगीच वाटतं.

---

शिट्टी_आणि_पांढरा_टीशर्ट

मी राज्य पातळीवर टर्न जज म्हणून उभी राहते, म्हणून सेटबद्दल बोलत नाही. आयएममध्ये मुली वेगामुळे हरतात त्याहून वाईट, टर्नवर बाद होतात. बॅकवरून ब्रेस्टला जाताना भिंतीला हात लागेपर्यंत पाठीवरच राहायचं असतं. घाईत खांदा आधीच वळतो आणि आमचा हात वर जातो. फ्लाय आणि ब्रेस्टला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, दमल्यावर एक हात मागे राहतो. ब्रेस्टच्या पुलआउटमध्ये (भिंत सोडल्यावरच्या पाण्याखालच्या ओढीत) पहिल्या ब्रेस्ट किकच्या आधी एकच डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली) चालते, दोन नाहीत.

काकांचा बुधवारचा सेट आहे ना, त्यात प्रत्येक शंभरात हा बॅक-ब्रेस्ट टर्न आपसूक येतो. तो टर्न तुम्ही भिंतीपाशी उभं राहून बघा, वेळ दुसऱ्या कोणाला घेऊ द्या. सध्या साधा ओपन टर्न (हात लावून वळायचा) पुरे. इंटरनेटवर बघून क्रॉसओव्हर (गिरकी घेऊन वळायचा जलद टर्न) करायला जातात आणि नेमक्या तिथेच पोटावर वळतात.

आणखी एक. फ्रान्सच्या लेऑन मार्शांनं २०२३ मध्ये फुकुओकाला ४०० आयएम ४:०२.५० पोहून फेल्प्सचा पंधरा वर्षं टिकलेला ४:०३.८४ चा विक्रम मोडला, तेव्हापासून प्रत्येक पोराला पाण्याखाली १५ मीटर जायचंय. पहिल्या भिंतीला जातात, तिसरीला गुदमरून वर येतात. तीन-चार किक, पण प्रत्येक भिंतीला तेवढ्याच. आणि श्वास रोखायच्या पैजा अजिबात नकोत, पाण्याखाली शुद्ध हरपते आणि काठावरच्यांना पत्ताही लागत नाही.

---

गुडघे_सांभाळा

फिजिओथेरपिस्ट आहे, थोडक्यात लिहिते. या वयात उंची झपाट्यानं वाढते, तेव्हा ब्रेस्ट किकचे मीटर एकदम वाढवू नका. दुखणं गुडघ्याच्या आतल्या बाजूला येतं. आलं की त्या दिवशी ब्रेस्टचे फक्त हात, पाय फ्रीचे किंवा डॉल्फिन. खांद्याचंही तसंच, पुढच्या बाजूला टोचायला लागलं तर पॅडल्स (हाताला लावायच्या फळ्या) पिशवीत.

आणि आपल्या गावात हे सांगावंच लागतं: नवरात्रात नऊ रात्री गरबा आणि सकाळी ब्रेस्टचा सेट, असं चालणार नाही. दरवर्षी त्या आठवड्यानंतर माझ्याकडे पोहणाऱ्या मुलींची रांग लागते.

---

कारेलीबागची_आई

सगळ्यांचे आभार. कालच कागदावर मांडणी करून सरांना दिली, त्यांनी फोटो काढून घेतला आणि म्हणाले, आणखी दोघांना हाच देतो. आज पहिला मंगळवार होता. दहाव्या आणि अकराव्या पंचवीसला बारा स्ट्रोक आले, मी थांबवलं. चिडली, घरी येईपर्यंत बोलली नाही. गरब्याबद्दल अजून काही म्हटलेलं नाही, एका दिवसात दोन भांडणं नकोत.

लेन सहा काका, एक शंका. सोसायटीचा पूल मंगळवारी मिळाला नाही तर ते १६ × २५ लांब पूलमध्ये कसे करायचे? मध्येच थांबायला भिंत नाही.

---

लेन_सहा

२५ फ्लाय, तिथून पुढच्या भिंतीपर्यंत सावकाश फ्री, दर १:२० नं. फक्त बारा करा. सुरुवात दर वेळी पुश-ऑफनंच (भिंतीला पायानं रेटून) होते, मोजायला सोपं जातं. लेनच्या दोरीवर अर्ध्यात रंगीत फीत बांधा म्हणजे २५ कुठे संपले ते तिला दिसेल.

नऊ पंचवीस झाल्यावर बारा स्ट्रोक आले म्हणजे सुरुवात चांगली आहे. चिडली तेही चांगलंच. गरब्याचं मात्र सहा रात्रींवर मिटवा, शून्यावर नाही मिटणार. ब्रोकन २०० झालं की पन्नासाच्या चारही वेळा इथे टाका, नुसती एकूण नको.